आयपी क्रमांकावरून माणूस ओळखता येतो काय?

एखाद्या संकेतस्थळाचे चालक शिवीगाळ, बदनामी किंवा खोडसाळपणा केल्याबद्दल एका सभासदाचे सभासदत्व रद्द करतात व त्यास पुन्हा प्रवेश नाही असे जाहीर करतात. काही दिवसांतच नव्या नावाचा एक सभासद दाखल होतो. त्याची भाषा तीच असते, विषय तेच असतात आणि रोखही तोच असतो. अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवितो, ‘आयपी क्रमांक पाहा म्हणजे तोच आहे की नाही ते लगेच कळेल.’ हा सल्ला कितपत खरा आहे, याचा विचार या लेखात आम्ही करणार आहोत. हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. या क्रमांकावर डोळे झाकून विश्वास ठेवल्यामुळे आपल्याच राज्यात एका निरपराध तरुणास पन्नास दिवस तुरुंगात काढावे लागले आहेत.

थोडक्यात उत्तर असे : आयपी क्रमांक जोडणी दाखवितो, माणूस दाखवीत नाही. तो तपासाला दिशा देऊ शकतो. परंतु निकाल देण्यास तो एकटा पुरेसा नाही. असे का, हे समजण्यासाठी हा क्रमांक म्हणजे नेमके काय ते प्रथम पाहू.

क्रमांक कोणाचा असतो?

महाजालाशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रास उत्तर कोठे पाठवायचे हे कळावे म्हणून एक क्रमांक लागतो. जुन्या आणि आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत त्याचे चार भाग असतात व प्रत्येक भाग ० ते २५५ यांमधील असतो. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा हा क्रमांक तेथे पोहोचतोच, कारण त्यावाचून ते पान आपल्याकडे येऊच शकत नाही. बहुतेक संकेतस्थळे क्रमांक आणि वेळ यांची नोंद ठेवतात.

मात्र हा क्रमांक आपल्या मालकीचा नसतो. इंटरनेट सेवा देणारी कंपनी तो आपणास वापरण्यापुरता देते. संकेतस्थळाच्या चालकास त्या क्रमांकावरून सार्वजनिक नोंदवहीत शोध घेता येतो. पण तेथे मिळते ते कंपनीचे नाव आणि फार तर शहराचा अंदाज. तो अंदाजही चुकू शकतो. परळमधील ग्राहकाचा क्रमांक दुसऱ्याच शहराच्या नावावर दिसणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. अमुक वेळी तो क्रमांक कोणत्या ग्राहकाकडे होता, हे फक्त त्या कंपनीस ठाऊक असते आणि ती माहिती ती कोणाही खाजगी व्यक्तीस देत नाही. तपास यंत्रणांनी कायद्यानुसार मागणी केल्यावरच ती दिली जाते.

एका क्रमांकाआड अनेक माणसे

नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळी येथील बीडीडी चाळी मुंबईकरांस परिचित आहेत. या जुन्या चाळींच्या एकेका इमारतीत ऐंशी खोल्या असत. आता अशी कल्पना करा, की एका पत्रावर पाठविणाऱ्याचा पत्ता म्हणून केवळ इमारतीचा क्रमांक आहे, खोलीचा नाही. ते पत्र ऐंशी कुटुंबांपैकी कोणी लिहिले, हे त्या पत्त्यावरून कसे सांगणार? आयपी क्रमांकाची गत बहुतेक वेळा अशीच असते.

हे कसे घडते? घरात किंवा कार्यालयात जे राउटर असते त्यालाच बाहेरचा क्रमांक मिळतो. त्याच्या मागील सर्व संगणक व मोबाइल तोच एक क्रमांक वापरतात. आई, वडील, मुले, शेजारचा विद्यार्थी, आलेला पाहुणा असे सर्व बाहेरच्या जगास एकच दिसतात. गिरगाव, लालबाग, परळ यांसारख्या दाट वस्तीत जेथे एका जोडणीवर दोन-तीन बिऱ्हाडे काम भागवितात, तेथे हा घोळ आणखी वाढतो. एके काळी सायबर कॅफेमध्ये दिवसभरात येणारी सर्व गिऱ्हाइके एकाच क्रमांकामागे असत. म्हणूनच २०११ च्या सायबर कॅफेविषयक नियमांनी ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे व नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. क्रमांकाने जे सांगता येत नव्हते ते वहीने सांगावे, असा त्यामागील हेतू होता. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गुगल यांनी मोफत वायफाय सुरू केले, तेव्हाही प्रवाशास आपला मोबाइल क्रमांक देऊन सांकेतिक अंक मिळवावा लागे. तेथेही आयपी क्रमांक ओळखीसाठी अपुराच मानला होता.

याखेरीज एक मोठे कारण आहे. जुन्या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटीच क्रमांक होऊ शकतात. जगाची लोकसंख्या आज ८०० कोटींहून अधिक आहे आणि एकेका माणसाकडे दोन-तीन यंत्रे आहेत. क्रमांकांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. तेव्हापासून विशेषतः मोबाइल कंपन्या एकच बाहेरचा क्रमांक एकाच वेळी पुष्कळ ग्राहकांत वाटतात. प्रत्येक ग्राहकाच्या संवादास ‘पोर्ट’ नावाचा एक उपक्रमांक दिला जातो. म्हणून ग्राहक शोधायचा तर आयपी क्रमांक, पोर्ट आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ ही तिन्ही माहिती लागते. पुष्कळशी संकेतस्थळे पोर्टची नोंद ठेवीतच नाहीत. मग कंपनीकडे जाऊनही हाती येते ती संशयितांची यादी; एक नाव नव्हे.

एका माणसाचे अनेक क्रमांक

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी घेण्याच्या त्या काळी दर वेळी नवा क्रमांक मिळे. आजही घरगुती जोडणीचा क्रमांक बहुधा बदलता असतो. राउटर बंद करून पुन्हा सुरू केला की तो बदलू शकतो. मोबाइलवर तर दादर स्थानकावर एक क्रमांक, कार्यालयातील वायफायवर दुसरा आणि घरी तिसरा, असा एकाच माणसाचा दिवस जातो.

नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, क्रमांकांचा तुटवडा नाही. रिलायन्स जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केल्यापासून भारतात तिचा प्रसार वेगाने झाला. तेथे प्रत्येक यंत्रास स्वतंत्र क्रमांक मिळू शकतो. परंतु ग्राहकाचा माग काढला जाऊ नये म्हणून आजचे मोबाइल व संगणक त्या क्रमांकाचा उत्तरार्ध स्वतःहून वरचेवर बदलीत असतात. पूर्वार्ध काही काळ टिकतो. पण तोही जोडणीचाच असतो, माणसाचा नसतो.

ज्यास मुद्दाम लपायचे आहे त्याच्यापाशी आणखी एक साधन आहे. व्हीपीएन सेवेतून गेल्यास संकेतस्थळास त्या सेवेचा क्रमांक दिसतो, वापरणाऱ्याचा नाही. गिरगावात बसलेला माणूस सिंगापूर किंवा नेदरलँड्समध्ये असल्यासारखा भासतो. सारांश, मनात आणले तर बंदी घातलेला सभासद काही मिनिटांत नवा क्रमांक घेऊन परत येऊ शकतो. क्रमांकावर आधारलेल्या बंदीचा त्रास त्याला कमी आणि त्याचा जुना क्रमांक योगायोगाने ज्यांच्या वाट्यास येतो त्यांना अधिक होतो.

विकिपीडियाचा अनुभव

बंदी घातलेले सभासद नव्या नावाने परत येतात, ही अडचण ज्यांनी अनेक वर्षे हाताळली त्यांत विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश प्रमुख आहे. तेथील मोजक्याच, गुप्ततेचा करार केलेल्या तपासनीसांना सभासदाचे आयपी क्रमांक पाहता येतात. ज्या भाषांच्या आवृत्तीत असे तपासनीस नसतात तेथे सर्व प्रकल्पांसाठी निवडलेले स्टुअर्ड हे काम करतात. ही माहिती सुमारे तीन महिनेच ठेवली जाते. तपासनीस आपला निष्कर्षही ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपवीत नाहीत. दोन खाती एकाच व्यक्तीची असणे निश्चित आहे, संभवनीय आहे, शक्य आहे की असंभाव्य आहे, अशा पायऱ्यांनी तो मांडला जातो. शिवाय दोन्ही खात्यांची लेखनशैली, वेळा, आवडीचे विषय यांचा मेळ बसल्यावाचून केवळ क्रमांकावर विसंबू नये, असा तेथील संकेत आहे.

हा संकेत अनुभवातूनच आला असावा. २००७ च्या नववर्षाच्या सुमारास विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीने उपद्रवामुळे एक क्रमांक रोखला. त्या काळी कतार या देशातील जवळजवळ सर्व वापरकर्ते त्याच एका क्रमांकातून बाहेर पडत असत. त्यामुळे काही तास त्या देशातून कोणासही नाव न नोंदविता तेथे लिहिता येईना. उपद्रव मोजक्यांचा होता, पण दार सर्वांचे बंद झाले.

पुण्याचा खटला : सव्वा वाजला, पण कोणता?

चूक संकेतस्थळाच्या चालकाकडून झाली तर एखाद्याचे सभासदत्व जाते. तीच चूक पोलीस तपासात झाली तर माणसाचे स्वातंत्र्य जाते. २००७ साली ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकण्यात आला. सर्व महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली होती. पुणे पोलिसांनी गुगलकडून आयपी क्रमांक मिळविला आणि त्या क्रमांकावरून इंटरनेट कंपनीने ग्राहकाचे नाव कळविले. ३१ ऑगस्ट २००७ रोजी बंगळूर येथील एका तरुण संगणक अभियंत्यास अटक करून पुण्यास आणण्यात आले. तो आपण काहीच केले नसल्याचे सांगत होता. येरवड्याच्या तुरुंगात त्याचे पन्नास दिवस गेले. त्यानंतर उघड झाले, की कंपनीने दिलेले नाव चुकीचे होते. तो क्रमांक त्या वेळी त्याच्याकडे नव्हताच.

घोटाळ्याचे मूळ अगदी क्षुल्लक होते, असे पुढे सांगण्यात आले. पोलिसांच्या पत्रात सव्वा वाजल्याची वेळ होती. परंतु ती दुपारची की मध्यरात्रीनंतरची, हे स्पष्ट नव्हते. क्रमांक बदलता असल्यामुळे बारा तासांच्या फरकाने तो दुसऱ्याच ग्राहकाकडे गेलेला असतो. वर्तमानपत्रांतील बातम्यांची दखल घेऊन राज्य मानवी हक्क आयोगाने कंपनीस या तरुणाला दोन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई मिळाली तरी गेलेले दिवस आणि डागाळलेले नाव पैशांनी परत येत नाही, हे वाचकांस सांगावयास नको.

वेळेची चूक आणखी एका प्रकारे होऊ शकते. परदेशी संकेतस्थळांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली घड्याळे तिच्या साडेपाच तास पुढे असतात. हा फरक मिळविण्यास विसरले तरी तपास भलत्याच दारी जातो. दुसऱ्याच दिवसाची तारीख लागण्याचा संभवही असतो.

माटुंग्याचे महाविद्यालय

पुण्यात क्रमांकावरून चुकीचे दार सापडले. पुढल्याच वर्षी मुंबईत दार बरोबर सापडले, पण त्या दारामागचा माणूस तो नव्हता. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी इंडियन मुजाहिदीनच्या नावाने वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला. आयपी क्रमांकाचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी पोहोचला. त्याच्या वायफाय जोडणीचा दुसऱ्या कोणी वापर केला होता. त्याचे संगणक तपासण्यात आले, त्याची चौकशी झाली, जगभर त्याच्या नावाच्या बातम्या झाल्या. परंतु त्याच्यावर कोणताही आरोप ठेवण्यात आला नाही.

२३ ऑगस्ट २००८ रोजी त्याच संघटनेच्या नावाने पुन्हा एक ई-मेल गेला. या वेळी क्रमांक निघाला दादरला लागूनच असलेल्या माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाचा. १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका खाजगी कंपनीच्या वायफायवरून गेला होता. तिन्ही ठिकाणी क्रमांक बिनचूक होता आणि तिन्ही ठिकाणी जोडणीचे मालक निर्दोष होते. संरक्षण नसलेल्या वायफायच्या टप्प्यात येऊन कोणी तरी काम उरकून निघून गेले होते. पुढे मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने या प्रकरणी काही तरुणांना अटक केली. त्यांत संगणक क्षेत्रात काम करणारेही होते. तेथवर पोहोचण्यास केवळ आयपी क्रमांक पुरला नाही, इतर तपासाची जोड द्यावी लागली. यानंतर २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी शहरातील उघड्या वायफाय जोडण्यांचा शोध घेण्याची मोहीम हाती घेतली आणि दूरसंचार विभागानेही त्या वर्षी सुरक्षित वायफायविषयी सूचना काढल्या.

कायदा काय सांगतो?

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत आणि आपली घड्याळे ठरवून दिलेल्या राष्ट्रीय वेळेशी जुळवून ठेवावयाची आहेत. घड्याळाविषयीचा हा नियम किरकोळ वाटेल. पण पुण्याचा खटला आठवला म्हणजे वेळेच्या अचूकपणाचे मोल लक्षात येते. त्याच निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवावी असेही म्हटले आहे. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपली भारतातील यंत्रे काढून घेतली, त्यामुळे तो मार्ग पूर्णपणे बंद झाला असे म्हणता येत नाही.

परदेशातील न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क येथील एका संघीय दंडाधिकारी न्यायाधीशांनी २०१२ साली असे मत नोंदविले, की ज्याच्या नावावर जोडणी आहे त्यानेच ती वापरली असे गृहीत धरणे हे टेलिफोनचे बिल भरणाऱ्यानेच प्रत्येक फोन केला असे मानण्यासारखे आहे.

इतर खुणा

क्रमांकाखेरीज आणखी काही खुणा असतात. संकेतस्थळ आपल्या संगणकावर कुकी नावाची छोटी नोंद ठेवते. ती पुसली नसेल तर जुना सभासद नव्या नावाने आल्याचे कळते. ब्राउझरचा प्रकार, पडद्याचा आकार, बसविलेले टंक अशा बाबी एकत्र केल्या तर यंत्राचा ठसा तयार होतो. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासलेल्या ब्राउझरपैकी सुमारे ८४ टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशीही जुळला नाही. परंतु हाही ठसा यंत्राचा आहे. घरातील एकच संगणक दोघे भाऊ वापरीत असतील तर त्यांच्यात तो भेद करू शकत नाही.

काय करावे, काय टाळावे

आज अनेक मंडळे, वाचनालये, शाळा व रहिवासी संघ यांची स्वतःची संकेतस्थळे आहेत. ती चालविणाऱ्यांसाठी काही गोष्टी आम्ही सुचवू इच्छितो.

एकाच दिवसाचा क्रमांक जुळला म्हणून कोणावर बोट ठेवू नये. काही आठवड्यांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. क्रमांक घरगुती जोडणीचा आहे, मोबाइलचा आहे की महाविद्यालयाचा, हे आधी पाहावे. मोबाइलचा असल्यास त्याला फारसे वजन देऊ नये. बंदी खात्यावर घालावी. क्रमांकावर घालणे भागच पडले तर ती अल्पकाळ ठेवावी. निर्णय एकट्याने न घेता दोघा-तिघांनी मिळून घ्यावा आणि संशयितास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी. कोणाचाही आयपी क्रमांक चारचौघांत जाहीर करू नये, कारण त्यातून भलत्याच माणसाच्या मागे लोक लागू शकतात. नवा सभासद जुनाच असल्याचा संशय आहे पण त्याचे वागणे नियमास धरून आहे, तर त्याच्या आजच्या वागण्यावरून निर्णय घ्यावा. आणि धमकी किंवा बदनामीचा गुन्हा घडला असेल तर स्वतः शोध घेत न बसता मजकूर, क्रमांक, तारीख व वेळ, तीही कोणत्या प्रमाणवेळेतील, हे सर्व जतन करून सायबर पोलिसांकडे किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी.

घरोघरच्या वाचकांसाठीही एक सूचना आहे. आपल्या वायफायला परवलीचा शब्द आहे ना, तो राउटरबरोबर आलेलाच आहे की आपण बदलला आहे, हे आजच पाहावे. सानपाडा, माटुंगा आणि चेंबूर येथे घडलेल्या प्रकारांत जोडणीचे मालक निर्दोष होते. तरी पोलीस प्रथम आले ते त्यांच्याच दारी. आपल्या जोडणीवरून कोणी काय केले याची विचारणा प्रथम आपणासच होते.

तेव्हा आयपी क्रमांकावरून बंदी घातलेला सभासद ओळखता येतो काय, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे : कधी कधी येतो, तेही इतर पुरावे सोबत असतील तर. निष्काळजी माणूस क्रमांकावरून सापडतो, सावध माणूस निसटतो आणि कधी कधी ज्याचा काहीही संबंध नाही असा तिसराच त्यात अडकतो. या तिसऱ्याचे नाव घेण्यापूर्वी वेळ पुन्हा एकदा तपासून पाहावी, हे पुण्याच्या खटल्याने आपणा सर्वांस शिकविले आहे.